काळजीवाहू सरकार

एक मूल शाळेत पाठवायला किती माणसं लागतात हे बघायचं असेल, तर सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभं राहावं. बी विंगच्या चारशे दोनमधले चिरंजीव पाचवीत आहेत. त्यांचं दप्तर बाबांच्या खांद्याला, पाण्याची बाटली आजीच्या हातात. डबा आईकडे. छोट्या सुट्टीत कुठला कप्पा उघडायचा, मोठ्या सुट्टीत कुठला आणि कुठल्या कप्प्यातलं कुणालाही द्यायचं नाही, याची तोंडी परीक्षा चालू असते. आजोबा छत्री घेऊन उभे. पाऊस नसला तर ऊन असतं, ऊन नसलं तर पाऊस यायची शक्यता असते, त्यामुळे छत्रीला बारमाही ड्युटी. चिरंजीवांच्या स्वतःच्या ताब्यात उरतात फक्त चिरंजीव, आणि त्यांचाही डावा हात आजीच्या मुठीत असतो.

बस येते. मदतनीस मावशी खाली उतरतात. आधी दप्तर, मग बाटली, मग डबा आणि सगळ्यात शेवटी चिरंजीव, असं रीतसर हस्तांतर होतं. बस वळणाआड गेली की कार्यक्रम संपला असं तुम्हाला वाटेल. तो तिथून सुरू होतो. बसला जीपीएस आहे आणि आईच्या फोनवर अ‍ॅप. नकाशावर एक पिवळा ठिपका सरकत असतो, तो ठिपका म्हणजे चिरंजीव. एके दिवशी ठिपका नळ स्टॉपला थांबला तो हलेचना. वास्तविक नळ स्टॉपला कुणीच हलत नाही, हे उभ्या पुण्याला पाठ आहे. २०२२ मध्ये तिथे उड्डाणपूल झाला, तेव्हापासून माणूस पुलाच्या आधी थांबायचा तो पूल उतरल्यावर थांबतो, एवढाच फरक. पण पोटचा ठिपका थांबला की भूगोल आठवत नाही. ‘पाचवी ब पालक’ या ग्रुपवर धडाधड मेसेज पडू लागले.

‘बस थांबलीये. काय झालं?’

‘ड्रायव्हरला फोन करू का?’

‘नको नको, गाडी चालवताना फोन उचलायला नको.’

‘अहो, पण गाडी थांबलीये म्हणूनच तर करायचाय ना!’

या युक्तिवादावर एक मिनिट शांतता पसरली. मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणीतरी ‘सगळं नीट होईल’ असा धीर दिला, आणि तेवढ्यात सिग्नल सुटला. ठिपका हलला. ग्रुपवर फुलं पडली. बसमध्ये त्या वेळी मुलं खिडकीतून शेजारच्या रिक्षावाल्याला जीभ दाखवत होती. संकट येऊन गेल्याचं त्यांना अजून माहीत नाही.

दिवाळीत आमच्याकडे किल्ल्यांची स्पर्धा असते. किल्ला ही एकेकाळी मुलांची सार्वभौम गोष्ट होती. विटा शेजारच्या बांधकामावरून यायच्या, आणि त्या आणायला कुणाची परवानगी लागत नसे, अंधार लागायचा. गोणपाट, दगड, चिखल, वर पेरलेलं अळीव. सिंहासनावरचे महाराज तटापेक्षा उंच, पायथ्याशी मातीचे मावळे, गुहेत वाघ आणि गुहेबाहेर प्लॅस्टिकची लाल बस उभी. त्या बसला इतिहासात आधार नसे, पण मालक आग्रही असे. बुरूज कुणाचा यावरून मारामारी व्हायची, खुरप्याने बोट कापायचं, त्यावर हळद दाबायची आणि भाऊबीज झाली की त्याच किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून सगळ्यांनी मिळून तो उडवायचा. राज्य स्थापन करण्यापासून बुडवण्यापर्यंत सगळा कारभार दहा वर्षांच्या आतल्या मंडळींच्या हातात.

गेल्या वर्षी चारशे दोनचा किल्ला मी सुरुवातीपासून पाहिला. माती नर्सरीतून आली, पिशवीबंद. चिरंजीवांना रबरी हातमोजे घालण्यात आले. बाबा सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे त्यांनी राजगडाचा नकाशा छापून आणला होता. २०२५ मध्ये राजगडासकट बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून सोसायटीतल्या वडीलमंडळींच्या खांद्यावर भलतीच जबाबदारी येऊन पडली आहे. सुवेळा माचीचा कोन चुकलाय, असं सी विंगचे काका म्हणाले. संजीवनी माची एवढी रुंद नाही, असं बाबांनी त्यांना सुनावलं. दोघांची चांगलीच जुंपली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघेही फार आनंदात दिसले. चिरंजीवांनी मधेच विचारलं, ‘इथे बस ठेवू?’ बाबा म्हणाले, ‘बेटा, ऐतिहासिक अचूकतेला मार्क आहेत.’ चिरंजीव हातमोजे काढून बाकावर जाऊन बसले आणि आईच्या फोनवर कुठलासा गेम खेळू लागले. त्या गेममध्ये त्यांचाही एक किल्ला होता आणि तो बांधताना त्यांना कुणी अडवत नव्हतं. पहिलं बक्षीस चारशे दोनला मिळालं. प्रमाणपत्रावर नाव चिरंजीवांचं, आणि फोटोत कोपरापर्यंत चिखलात माखलेले हात बाबांचे.

लेकरांना जपू नये असं कोण म्हणेल? पण जपण्याच्या नादात आपण त्यांच्या हातून काय काढून घेतलं, याची यादी एका नॉर्वेजियन बाईंनी आधीच करून ठेवली आहे. एलेन सँडसेटर या संशोधिकेने २००७ च्या सुमारास बालवाडीतल्या मुलांना खेळताना पाहिलं आणि जिवाला थोडी धाकधूक लावणाऱ्या खेळांचे सहा प्रकार मांडले. उंचावर चढणं, वेगाने सुटणं, धारदार हत्यारं हाताळणं, पाणी-आग असल्या धोक्याच्या जागांजवळ खेळणं, अंगाला अंग भिडवून झोंबणं आणि मोठ्यांच्या नजरेआड होऊन हरवणं. यादी वाचल्यावर बाईंनी नॉर्वेऐवजी कोकणातल्या मे महिन्याच्या सुट्टीत बसून काम केलं असावं, असं वाटतं. आंब्याचं झाड, उतारावरची बिनब्रेकची सायकल, आजीची विळी, विहीर, अंगणातली कुस्ती आणि जत्रेतली हरवाहरवी. सहाच्या सहा आली. एखाद्या उन्हाळ्यात सहाही विषयांत पास झालेली मुलं जूनमध्ये शाळेत यायची, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर निकाल लावलेला असायचा.

सँडसेटर बाईंचं म्हणणं असं की मूल या धाकधुकीची मात्रा स्वतः ठरवतं. आज दुसरी फांदी, उद्या तिसरी. भीती थोडी वाटते, थोडी मजा येते, आणि हळूहळू त्या फांदीचं भय मोडतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यात एक मजेशीर गोष्ट सापडली. पाच ते नऊ या वयात जी मुलं उंचावरून पडून जखमी झाली, ती मोठेपणी उंचीला जास्त घाबरत असतील असं वाटलं होतं. निघालं उलटं. अठराव्या वर्षी ज्यांना उंचीची भीती वाटत होती, त्यांच्यात लहानपणी असे पडलेले कमी होते. अर्थात याचा अर्थ पोरांना गच्चीवरून ढकलावं असा नाही. न घाबरणारी पोरं चढतात म्हणून पडतात, हेही त्यात आहेच. पण जमिनीवर बसवून ठेवलं की भीती आपोआप जाते, या आपल्या समजुतीला मात्र डनेडिनकरांनी काही आधार ठेवला नाही.

आणि एवढ्या लांब जायचं तरी कशाला? आदर्श आई कोण म्हणून विचारलं तर मराठी घरात एकच नाव निघतं. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५ सालचं. मातृप्रेमाचं पुस्तक म्हणून आपण ते वाढदिवसाला भेट देतो, आणि त्यातलं पोहण्याचं प्रकरण सोयीस्कर विसरतो. श्याम पोहायला घाबरून माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने फोडते आणि विहिरीवर पाठवते. का, तर पोरगं भित्रं निघू नये म्हणून. ही माऊली आज ‘पाचवी ब पालक’ ग्रुपवर असती तर? विहिरीला कठडा आहे का, जीवरक्षक प्रशिक्षित आहे का, पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण किती, असे प्रश्न येऊन संध्याकाळपर्यंत बाईंना ग्रुपमधून काढून टाकलं असतं. आणि शिंपटीबद्दल पोलिसांत तक्रार गेली असती ती वेगळीच. शिंपटीच्या बाबतीत ग्रुपचंच बरोबर, हे मी लगेच कबूल करतो. मारून धीट करण्याचा उद्योग आता कुणी करू नये. पण शिंपटी वगळली तरी विहीर उरतेच. आपण शिंपटीबरोबर विहीरही बुजवून टाकली.

आपल्या राज्यघटनेच्या व्यवहारात काळजीवाहू सरकार नावाची एक सोय आहे. नवं सरकार येईपर्यंत रोजचा कारभार बघायचा, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, आणि वेळ आली की मुकाट्याने खुर्ची सोडायची. आईबाप म्हणजे तरी दुसरं काय? पण घरोघरी या सरकारने संकेत धाब्यावर बसवले आहेत. तबला की गिटार, सेमी इंग्रजी की पूर्ण, शेजारच्या बाकावर कोण बसणार आणि वाढदिवसाला कुणाला बोलवायचं, असे सगळे धोरणात्मक निर्णय वरूनच. शिवाय रोजचा कारभारही यांच्याचकडे, म्हणजे बुटाची नाडी बांधण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत. दोन पोरांचं मैदानात वाजलं की पूर्वी दुसऱ्या दिवशी ती पोरं पुन्हा एकत्र दिसायची. आता संध्याकाळी दोघांच्या आया फोनवर बोलतात आणि पुढचं वर्षभर चौघं एकमेकांशी बोलत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सरकारचा शपथविधी होतो, मतदार कार्ड येतं, तेव्हा त्याला कळतं की एकाही फाइलवर आपल्याला सही करायची सवय नाही. वसतिगृहात गेलेला पोरगा वॉशिंग मशीनसमोर उभा राहून घरी व्हिडिओ कॉल लावतो आणि विचारतो, ‘आई, कुठलं बटण?’ आई सांगते. तिला तेवढंच बरं वाटतं.

चारशे दोनच्या सरकारवर पेचप्रसंग आला तो लिफ्टमुळे. हे सगळं मला बाबांनीच कट्ट्यावर बसून सांगितलं. मागच्या पावसाळ्यात वीज गेली आणि चिरंजीव दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थोडा वेळ अडकले. जनरेटर लागला, लिफ्ट हलली, ते बाहेर आले. घाबरण्यासारखं होतं, ते घाबरले. इथवर काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मी एकटा लिफ्टने जाणार नाही.’ आजी म्हणाली, ‘नको जाऊस रे बाळा, मी येते की.’ आणि दोघांनाही हायसं वाटलं.

घोटाळा या हायसं वाटण्यातच होतो. पोराच्या डोक्यातला हिशेब सरळ असतो. गुडघे धरलेले असताना आजी जिने चढून-उतरून सोबत येते, त्याअर्थी लिफ्टमध्ये खरंच काहीतरी भयंकर असणार. आणि आजी होती म्हणून आपण वाचलो, त्याअर्थी एकट्याला आपल्याला हे जमणार नाही. भीती त्या दिवसापुरती टळते आणि दुसऱ्या दिवशी अंगाने भरून परत येते. महिनाभरात चिरंजीव जिन्यानेही एकटे जाईनात. मग खालच्या मजल्यावरची गणिताची शिकवणी वर घरी आली. मग शिकवणीच्या बाई यायला उशीर झाला की पोट दुखू लागलं. मग शाळेच्या सकाळीही दुखू लागलं. दर टप्प्यावर घरच्यांनी प्रेमाने एकेक अडचण दूर केली आणि पोराचं जग तेवढं तेवढं लहान होत गेलं. शेवटी ते सोफा आणि फ्रिज यांच्या मध्ये येऊन थांबलं.

पोटासाठी सगळे तपास झाले. रक्त, लघवी, सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा घरावर अवकळा पसरली. काहीतरी निघालं असतं तर त्यावर गोळी असती. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ‘पोटाला काही झालेलं नाही, पण मुलगा खोटंही बोलत नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. तुम्ही एकदा समुपदेशकांना भेटा.’ आजोबा तिथेच म्हणाले, ‘आमच्या घराण्यात तसलं काही नाही.’ आजोबा स्वतः गॅसची शेगडी बंद आहे का ते रात्री उठून उठून बघतात, पण घराणं वेगळं आणि शेगडी वेगळी.

समुपदेशक मॅडमनी मुलाला एकदा भेटून गप्पा मारल्या, चित्र काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यापासून याला आणायची गरज नाही. तुम्ही दोघं या.’

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. ‘म्हणजे पेशंट कोण?’

बाबांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी मिळालेलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बालअभ्यास केंद्रात एली लेबोविट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. चिंतेने ग्रासलेल्या मुलांसाठी त्यांनी अशी उपचारपद्धत बसवली की मुलाने दवाखान्यात पाऊलच टाकायचं नाही, फक्त आईबापांनी यायचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२४ मुलं होती, सात ते चौदा वयाची. निम्म्यांवर नेहमीचे मानसोपचार झाले, निम्म्यांच्या आईबापांवर. गुण दोन्हीकडे सारखाच आला. आईबापांना शिकवलं ते एवढंच: पोराला ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय’ असं म्हणा, ‘आणि तुला जमेल अशी माझी खात्री आहे’ असंही म्हणा, आणि त्यानंतर त्याच्यासाठी जे जे जास्तीचं करत होता ते हळूहळू बंद करा. म्हणजे गोळी आईबापांनी घ्यायची आणि ठणठणीत पोराने व्हायचं. आयुर्विम्यापेक्षा स्वस्त योजना आहे. हप्ता मात्र जिव्हारी लागतो.

मॅडमनी बाबांना अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मुळे हा गृहस्थ मराठी वाचकाला घरचा झाला आहे. मानसोपचारातला हा बडा माणूस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला थरथर कापायचा. मग त्याने स्वतःलाच कामगिरी दिली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. अशा १३० बायका झाल्या. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभरजणींशी तो बोलला. त्यातली एक भेटायला तयार झाली, आणि ठरलेल्या दिवशी आलीच नाही.

‘मग फायदा काय झाला?’ बाबांनी विचारलं. सिव्हिल इंजिनिअर ते, काम झालं की नाही तेवढं बघणार.

‘कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी खाऊन टाकलं नाही, आणि तो मेला नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘भीती गेली. आता कल्पना करा, त्याची आई आधी बागेत जाऊन त्या बायकांना सांगून आली असती की माझा मुलगा जरा हळवा आहे, सांभाळून घ्या.’

आई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी शाळेत वर्गशिक्षिकांना अगदी हेच सांगून आलेय.’

इथे पालकांच्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत, नाहीतर हा लेख त्यांच्या ग्रुपवर पडल्यावर माझी धडगत नाही. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. पदपथावर दुचाक्या चढतात, सिमेंटचे मिक्सर शाळेच्या वेळेत धावतात, आणि रस्ता ओलांडणं हा आमच्याकडे मोठ्यांसाठीसुद्धा साहसी क्रीडाप्रकार आहे. इंग्लंडात मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली होती. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं आपली आपण शाळेत जायची, १९९० मध्ये उरली ९ टक्के. त्याच काळात रस्त्यांवर मुलांचे अपघाती मृत्यू कमी झाले होते. सरकार म्हणालं, रस्ते सुरक्षित झाले. हिलमन म्हणाले, रस्ते होते तसेच आहेत, मुलं रस्त्यावरून गायब झालीत. आपल्याकडची गंमत तर रोज सकाळी फुकट बघायला मिळते. रस्त्यावर गाड्या फार म्हणून आई मुलाला गाडीतून सोडते. त्यामुळे शाळेच्या फाटकासमोर गाड्यांची झुंबड उडते. ती झुंबड पाहून दुसरी आई घाबरते आणि तिच्या मुलाला गाडीतून आणू लागते. थोडक्यात, शाळेबाहेर मुलांना सगळ्यात मोठा धोका कुणाचा असेल, तर इतर मुलांच्या काळजीचा.

शिवाय मुलांचं प्रत्येक दुखणं आईबापांच्या लाडातून येतं, असंही समजू नये. नैराश्य, टोकाची चिंता, मंत्रचळ हे आजार आहेत, आणि झाडावर चढवून ते बरे होत नाहीत. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार जण म्हणजे हे. त्यांच्यासाठी डॉक्टर आहेत, आणि कुणाकडे जावं कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ग्रुपवर सल्ला विचारण्यापेक्षा तिथे फोन लावणं केव्हाही चांगलं. तिथे निदान कुणी ओवा-हिंग पोटावर चोळायला सांगत नाही.

मात्र आपल्या काळजीतली एक विसंगती मला काही केल्या सुटत नाही. माती, ऊन, चौकातली भेळ, लिफ्ट, शेजारचं कुत्रं, एवढ्या सगळ्यांपासून आपण पोरांना वाचवतो. आणि ज्या गोष्टीने पोरं खरोखर हैराण होतात, ती आपणच चमच्याने भरवतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरच्या पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. कुत्र्याचं नाव घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. दहावीपर्यंत ज्याला नाक्यावर दूध आणायला धाडलं नाही, त्याला दहावीचा निकाल लागल्यावर त्याच महिन्यात ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला नेऊन सोडतात. एक खोली, एक खाट, मेस, आणि ‘नीट’ला दोन वर्षं. कालपर्यंत ज्याला लिफ्टमध्ये सोबत लागत होती, त्याने आज अनोळखी शहरात एकट्याने राहायचं, एकट्याने जेवायचं, दर आठवड्याच्या चाचणीत मार्क कमी पडले तर एकट्याने रडायचं आणि रात्री फोनवर ‘मी ठीक आहे’ म्हणायचं. विहीर बुजवून त्या जागी आपण समुद्र आणून ठेवला, आणि त्यात ढकलताना तरंगायला कमरेला सुकडीसुद्धा बांधली नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या जिथे चढायच्या असतात तो मैदानाचा, भांडणाचा, हरवण्याचा आणि सापडण्याचा काळ आपण सुरक्षिततेसाठी बंद ठेवला होता.

तर मॅडमनी चारशे दोनच्या मंडळींना गृहपाठ दिला. पोराला नव्हे, मंडळींना. पहिला आठवडा: आजीने लिफ्टच्या दारापर्यंतच यायचं. दुसरा आठवडा: आजीने घराच्या दारापर्यंतच यायचं. तिसरा आठवडा: चिरंजीवांनी एकट्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी आणायची आणि कुणीही त्यांच्या मागे जायचं नाही. शेवटचे पाच शब्द मॅडमनी वहीत अधोरेखित करून दिले. जपानमध्ये १९९१ पासून असा टीव्ही कार्यक्रम चालतो म्हणे, ज्यात चिमुरडी पोरं आयुष्यात पहिल्यांदा एकटी दुकानात जातात. छुपे कॅमेरेवाले आसपास असतात, पण पोराला ते कळत नाही. आमच्या चिरंजीवांना मात्र सगळं कळत होतं.

त्या रविवारी ते कापडी पिशवी आणि वीस रुपये घेऊन निघाले. आजोबा गॅलरीत पेपर धरून बसले होते; पेपर उलटा होता. आजी देवापाशी. आई स्वयंपाकघरात तेच एक पातेलं परत परत घासत होत्या. बाबांनी गृहपाठाचा अर्थ जरा सैल लावला. ते मागे गेले नाहीत, पुढे गेले. भाजीवाल्याच्या पलीकडे लावलेल्या टेम्पोआड हेल्मेट घालून उभे राहिले. चिरंजीव आले, जुडी उचलून पाहिली, ठेवली, दुसरी उचलली. भाजीवाल्याने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. सुट्टे पैसे मोजले. निघताना टेम्पोकडे बघून हात हलवला आणि रस्त्याच्या कडेकडेने घरी गेले. कोथिंबीर चांगली निघाली. वर भाजीवाल्याने प्रेमाने कढीपत्ता घातला होता, आणि तो आपण मागितला नसताना मिळाला, ही बातमी चिरंजीवांनी तीनही मजल्यांवर सांगितली. चढताना लिफ्ट घेतली की नाही, हे विचारायचं सगळेच विसरले.

पुढच्या भेटीत मॅडमनी बऱ्याच दिवसांनी चिरंजीवांनाही आत बोलावलं आणि विचारलं, ‘काय रे, कसं चाललंय आता?’

‘बरं चाललंय,’ चिरंजीव म्हणाले. ‘आजी आता रडत नाही. आई ठिपका कमी वेळा बघते. पण बाबांना अजून एकटं घरी ठेवू नका. मी कोपऱ्यावरून हात केला नाही तर ते घाबरतात.’